गॅराजमधला मोकळा खांब

हे लिहिण्याचा अधिकार मला नाही, हे सुरुवातीलाच कबूल करतो. पापा सेफा माझे कोणी नातेवाईक नव्हते. त्यांची भाषा मला येत नाही, सामोआतल्या त्यांच्या गावी मी कधी गेलेलो नाही. ऑकलंडच्या दक्षिणेला मनुरेवा नावाचं उपनगर आहे, तिथल्या त्यांच्या घरातली मागची खोली मी भाड्याने घेतली होती, एवढाच आमचा संबंध. शिवाय त्यांच्या शेवटच्या वर्षात त्यांना सगळ्यात जास्त त्रास कोणी दिला असेल, तर तो मी. अशा माणसाने त्यांच्यावर लिहावं का, हे दोन महिने मला ठरवता येत नव्हतं. शेवटी त्यांची मुलगी लागी म्हणाली, "आमचे लोक भाषणं करतील. तू लिही. तुझ्या गावच्या लोकांना माझे पापा कुठून माहीत असणार?" म्हणून लिहितो आहे. कुठे चुकलो तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

ते गेले तेव्हा मी अल्बनीच्या कॅम्पसवर, ग्रंथालयात होतो. लागी बस चालवते, उत्तरेकडची तीच बस, जिने मी रोज कॅम्पसला जातो. तिचा फोन आला. "बाहेर ये, मी स्टॉपवर आहे." मला वाटलं तिची ड्यूटी असेल. पण ती गणवेशात नव्हती आणि बसही नव्हती. शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती स्वतःची गाडी घेऊन आली होती, कारण ही गोष्ट फोनवर सांगायची नाही असं तिच्या आईने बजावलं होतं. "पापा सकाळी गेले," ती म्हणाली. "अंगणात फिजोआ गोळा करत होते. बादली अर्धी भरली होती..." त्याच अंगणातून त्याच सकाळी मी बाहेर पडलो होतो. ते वाकून गवतातली हिरवी फळं उचलत होते. मान वर न करताच त्यांनी विचारलं, "प्रोफेसर, निबंध संपला?" ते मला प्रोफेसरच म्हणायचे. मी म्हटलं, शेवटचं वाक्य राहिलंय. ते म्हणाले, "मग घाई करू नकोस. कोणाला तरी अजून बोलायचं असेल." आमचं शेवटचं बोलणं हे एवढंच.

मी जालना जिल्ह्यातल्या एका लहान गावचा. वडील ग्रामपंचायतीत शिपाई आहेत. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिला. शिष्यवृत्ती मिळाली आणि लोकप्रशासन शिकायला इथे आलो. मनुरेवाहून अल्बनीला ट्रेन आणि मग बस धरून जायचं म्हणजे अर्धा दिवस प्रवासातच जातो, पण परवडणारी खोली तिथेच मिळाली. आधी त्या खोलीत नांदेडचा एक मुलगा राहायचा. त्याला टौरंगाला नोकरी लागली. जाताना तो म्हणाला, "म्हातारा-म्हातारी एक नंबर आहेत. फक्त शनिवारी गॅराजमध्ये जाऊ नको, मीटिंग असते." यातलं शेवटचं वाक्य मी नीट ऐकलंच नाही.

पहिल्याच शनिवारी भुरभुर पाऊस होता आणि माझे कपडे गॅराजमध्ये वाळत होते. ते आणायला आत गेलो, तर दहा-बारा वयस्क माणसं भिंतींना पाठ टेकून, चटयांवर मांडी घालून बसलेली. कमरेला लुंगीसारखं नेसलेलं, वर इस्त्रीचे शर्ट. लगेच मागे फिरणं उद्धटपणाचं वाटलं. पापा सेफांच्या पत्नी मालिया दाराशी होत्या, त्यांनी खुणेने "बस" म्हटलं. मला बाजूच्या भिंतीशी एक मोकळी जागा दिसली. ओले शर्ट मांडीवर घेऊन मी तिथे जाऊन बसलो आणि आरामात पाठ टेकली.

बोलणं एकदम थांबलं. एक म्हातारा तिखट आवाजात काहीतरी म्हणाला. मालियांनी कपाळाला हात लावला. पापा सेफांनी आधी माझ्याकडे, मग माझ्या मांडीवरच्या शर्टांकडे पाहिलं आणि शांतपणे एक वाक्य बोलले. सगळं गॅराज हसायला लागलं. तो तिखट म्हातारासुद्धा डोळे पुसत होता. नंतर मी त्यांना विचारलं, तुम्ही काय म्हणालात? "म्हटलं, या खांबासाठी आम्ही इतकी वर्षं देवाकडे माणूस मागतोय. देवाने पाठवलाय, पण पत्ता चुकलाय."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. त्यांच्या गावचं सभागृह लंबगोल असतं, त्याला भिंती नसतात. गोलाकार उभे खांब आणि वर छप्पर. प्रत्येक मोठ्या कुटुंबाचं एक पद असतं आणि कुटुंबाने निवडलेला माणूस ते धारण करतो. त्याला माताई म्हणतात. सभागृहातला एकेक खांब एकेका पदाचा. त्या पदाचा माणूस त्याच खांबाला पाठ टेकून बसणार, दुसरा कोणी तिथे टेकणार नाही. मनुरेवात आलेल्या गावकऱ्यांना सभागृह बांधणं शक्य नव्हतं, पण पापा सेफांच्या गॅराजला आतून फळ्या मारलेल्या नव्हत्या, भिंतीतले उभे वासे उघडे होते. त्यांनी ते वासेच खांब मानले. पापा सेफा स्वतः आईच्या कुटुंबाकडून आलेल्या एका लहान पदावर दाराजवळच्या वाशाशी बसायचे. मी टेकलो होतो तो खांब त्यांच्या आजोबांच्या पदाचा. तो मोकळा ठेवलेला होता. त्या पदाचं नाव मी इथे लिहीत नाही. असल्या गोष्टी लिहून टाकण्याचा माझा अनुभव चांगला नाही... ते पुढे येईलच.

आजोबांची गोष्ट मी त्यांच्याकडून तुकड्यातुकड्याने ऐकली, बहुतेक वेळा भांडी घासताना. ते घासायचे, मी पुसायचो. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा सामोआवर जर्मनांचं राज्य होतं. न्यूझीलंडचं सैन्य जहाजांतून आलं आणि लढाई न होता जर्मन झेंडा उतरून दुसरा चढला. "आजोबा तेव्हा तरुण होते. किनाऱ्यावर उभे राहून बघत होते. गावाला कोणी काही विचारलं नाही आणि गावही काही बोललं नाही. नव्या साहेबाला वाटलं, गप्प आहेत म्हणजे कबूल आहेत." युद्ध संपलं तरी सैन्यामागून आलेला कारभार राहिलाच. एखाद्या माताईने विरोध केला, तर एका सहीने त्याचं पद काढून घ्यायचा आणि त्याला दुसऱ्या बेटावर हद्दपार करायचा अधिकार प्रशासकाला मिळाला. आजोबांनी विरोध केला. सही झाली. पद त्याच कुटुंबाच्या दुसऱ्या शाखेतल्या एकाला मिळालं, जो साहेबाच्या हो ला हो म्हणत होता. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूझीलंड त्या बेटांचा "विश्वस्त" झाला, म्हणजे स्वातंत्र्य मिळेपर्यंत सांभाळ करणारा. निवडणुका ठरल्या, मत फक्त माताईंना, म्हणून कोण कुठल्या पदावर आहे याची यादी झाली. जुनी सही त्या यादीत पक्की होऊन बसली. आजोबांची शाखा सभेबाहेर आणि मतदानाबाहेरही राहिली. म्हणून पापा सेफांचे वडील इकडे न्यूझीलंडला, मांसाच्या कारखान्यात कामाला आले.

याच विषयावर मला निबंध लिहायचा होता. पहिला मसुदा मी मोठ्या अभिमानाने त्यांना वाचून दाखवला. त्यात एक वाक्य होतं की विश्वस्त व्यवस्थेने सामोआच्या जनतेला स्वराज्याचे धडे दिले. पुस्तकांत असंच काहीसं होतं, मी फक्त भाषा सुधारली होती. पापा सेफांनी हातातली थाळी खाली ठेवली.

"तुझ्या गावात विश्वस्त कोण असतात?"

"देवळाचे असतात."

"मग देव मोठा झाला की ते निघून जातात?"

मला हसू आवरेना. मालिया म्हणाल्या, "सेफा, मुलाला छळू नको, त्याचे मार्क जातील." पण ते गंभीर झाले होते. म्हणाले, "सभा आम्हाला येत होती, प्रोफेसर. साहेबांच्या खुर्च्या यायच्या आधीपासून येत होती. पण एक गोष्ट खरी लिही. विश्वस्तांच्या काळात आमच्या माताईंनी अर्ज केला, आम्हाला आमचा कारभार द्या. तेव्हा बाहेरून माणसं आली, चटईवर बसली आणि त्यांनी विचारलं. पहिल्यांदा कोणीतरी विचारलं. तेवढं श्रेय त्यांना दे." मी ते वाक्य खोडलं. त्यांच्याबद्दलचा माझा आदर तिथे सुरू झाला असं मला वाटतं. ज्या कारभाराने त्यांचं कुटुंब सभेबाहेर काढलं, त्याच्याशीही त्यांना न्यायाने वागायचं होतं.

एकदा त्यांनी विचारलं, "तुझे वडील सभेत कुठे बसतात?" मला जरा लाज वाटली. सांगितलं, बसत नाहीत, दाराशी उभे असतात. चहा देतात, नोटिशा वाटतात. ते म्हणाले, "म्हणजे सगळं ऐकणारा तोच एक. त्याला कोणी कधी विचारलं का?" मी म्हटलं, ते गप्पच असतात. तेव्हा ते जे म्हणाले ते मी वहीत लिहून ठेवलं आहे. "गप्प दोन प्रकारचं असतं. बोलू न दिलेलं आणि बोलून झाल्यानंतरचं. आमच्या सभेत हात वर करून मोजत नाहीत. सगळे बोलतात, दमतात, जेवतात, पुन्हा बोलतात. शेवटचा माणूस गप्प झाला की ठरलं. साहेबाला हे दोन गप्प वेगळे आहेत हे कधी कळलंच नाही." त्या रविवारी मी वडिलांना फोनवर विचारलं, "तात्या, परवाच्या सभेत तुम्हाला काय वाटलं?" मग ते म्हणाले, "मला इचारायलास का?" आणि पुढे अर्धा तास ते पाण्याच्या टाकीच्या जागेबद्दल बोलत होते. माझ्या वडिलांना एवढं बोलता येतं हे मला माहीत नव्हतं.

पापा सेफांना आता एकच गोष्ट हवी होती. ते पद ज्या शाखेकडे गेलं होतं, तिथे आज, गावाच्या सभेत, त्यांचा चुलतभाऊ फेतू बसतो. त्याला उठवायचं नव्हतं. एक पद दोघांनी मिळून धारण करणं त्यांच्याकडे चालतं. आपल्या शाखेचा माणूस पुन्हा त्या खांबाशी बसावा आणि हे गावाच्या सभेने ठरवावं, एवढंच त्यांचं म्हणणं. लागी वैतागून म्हणायची, "पापा, पदांचं कोर्ट आहे ना? केस करा." ते म्हणायचे, "बाहेरच्याच्या सहीने गेलं ते परत बाहेरच्याच्या सहीने आणू? कोर्टात एक जिंकतो, एक हरतो. मग नाताळात कोणाच्या घरी जेवायचं?" दर काही दिवसांनी ते फेतूला फोन करायचे. फोनवर ते दोघे मासे, पाऊस, गुडघेदुखी यांबद्दल बोलायचे. पदाचं नावही नाही. मला वाटायचं, म्हातारे वेळ घालवताहेत.

आणि इथे मी तो घोळ केला. ग्रंथालयात जुनी सरकारी कागदपत्रं चाळताना मला ती नोटीस सापडली. आजोबांचं नाव, पद रद्द केल्याचा मजकूर, खाली सही. पुढच्या एका बांधणीत ती यादीही सापडली, त्याच पदापुढे फेतूच्या आजोबांचं नाव. मी ज्या गावातून आलो तिथे कागद म्हणजे सगळं काही. सातबारा, दाखला, ठरावाची प्रत... ज्याच्या हातात कागद तो खरा. मी कोणालाही न विचारता दोन्ही पानांचे फोटो काढले. गावकऱ्यांच्या मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये मी होतो, कारण व्हिडिओ कॉल जोडून द्यायचं काम माझं. तिथे मी ते फोटो टाकले, नावांभोवती लाल गोल काढून. खाली लिहिलं, "पुरावा सापडला!"

संध्याकाळपर्यंत एकाही माणसाने उत्तर दिलं नाही. फेतू ग्रुपमधून बाहेर पडला. घरी पोचलो तर पापा सेफा गॅराजमध्ये आपल्या वाशाशी बसले होते. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "आम्हाला हे माहीत नव्हतं असं तुला वाटलं का? सगळ्यांना माहीत आहे. फेतूलाही. त्याच्या आजोबाने ते पद सैनिकांच्या मागून आलेल्यांच्या हातून घेतलं, हे त्याने स्वतःच्या तोंडाने सभेत सांगावं, म्हणून मी चार वर्षं त्याच्याशी माशांबद्दल बोलतोय. तो सांगण्याच्या जवळ आला होता." मी रडायला लागलो. खोली सोडतो म्हणालो. मालियांनी माझ्यासमोर जेवणाचं ताट ठेवलं आणि म्हणाल्या, "आधी खा. कुठे जायचं ते भरल्या पोटाने ठरवतात."

पुढे कित्येक आठवडे गावाकडून फोन नाही. मग एके दिवशी पापा सेफा बॅग भरून, "भावाला भेटून येतो" म्हणाले आणि सामोआला गेले. डॉक्टरांनी विमानप्रवासाला नको म्हटलं होतं. लागीने खूप वाद घातला. जाताना त्यांच्या काखेत मालियांच्या माहेरून आलेली बारीक विणीची जुनी चटई होती, कुटुंबातली सगळ्यात मौल्यवान वस्तू. मला वाटलं, कोणाच्या लग्नाला नेत असतील. आठवड्याने परत आले ते थकून, पण खुशीत. मी विचारलं तर म्हणाले, "मासे चांगले होते." त्यानंतर महिन्याभरातच ती फिजोआची सकाळ आली.

अंत्यविधीला फेतू आला. पांढऱ्या केसांचा, रुंद खांद्यांचा माणूस. मी त्याच्या नजरेला पडू नये म्हणून स्वयंपाकघरात कप विसळत होतो. तो तिथेच आला.

"लाल गोल काढणारा तूच ना?"

मी मान हलवली. सॉरी म्हणालो.

"तू कशाला सॉरी म्हणतोस? तुझं सॉरी सेफा म्हणून गेलाय."

मग त्याने सांगितलं. त्यांच्याकडे एक रीत आहे, तिला इफोगा म्हणतात. आपल्या कुटुंबातल्या माणसाने मोठी आगळीक केली, तर कुटुंबाचा प्रमुख ज्याचं मन दुखावलं त्याच्या दारासमोर जाऊन जमिनीवर बसतो, डोक्यावरून चटई पांघरून, एक शब्दही न बोलता. समोरचा बाहेर येऊन चटई उचलेपर्यंत उठायचं नाही. तो उचलेल की नाही, हे त्याच्या मर्जीवर. पापा सेफा पहाटे फेतूच्या दारासमोर तसे जाऊन बसले होते. "मी आतून बघत होतो," फेतू म्हणाला. "ठरवलं होतं, दुपारपर्यंत बसू दे म्हाताऱ्याला. ऊन चढलं. शेवटी बायको म्हणाली, हलत नाहीये, जा बघ. धावत गेलो, चटई उचलली... आणि आत साहेब घोरत होते." तो हसला आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. "उठवलं तर म्हणतो, फेतू, माझ्या मुलाकडून चूक झाली. मी म्हटलं, सेफा, तुला मुलगा कुठेय? म्हणतो, आहे एक. पत्ता चुकून आलेला."

मी हातातला कप ओट्यावर ठेवला. पुढचं मला नीट आठवत नाही. फेतूने माझ्या डोक्यावर हात ठेवला होता आणि त्याचा हात जड होता, एवढं आठवतं.

जाताना तो लागीला म्हणाला की सभेत तो स्वतः बोलणार आहे. आजोबांबद्दल, सहीबद्दल, सगळं. ते पद लागीने त्याच्याबरोबर धारण करावं असं तो मांडणार होता. त्यांच्या गावात बाईने सभेत बसणं अजून क्वचित घडतं. "म्हातारे पुष्कळ बोलतील," तो म्हणाला. "एका दिवसात होणार नाही."

खरंच झालं नाही. पहिली सभा अर्धवट उठली. दुसऱ्या सभेत एकाने बाईच्या नावाला विरोध केला, दुसऱ्याने त्याला विरोध केला. मनुरेवात आम्ही वाट बघत होतो. मी निबंध दिला नाही, मुदत वाढवून घेतली. शेवटच्या वाक्याची जागा कोरीच ठेवली. तात्या फोनवर आता रोज विचारतात, "त्यांच्या सभेचं काय झालं?" त्यांच्या स्वतःच्या पाण्याच्या टाकीचा विषय त्यांनी ग्रामसेवकांपुढे काढला, आयुष्यात पहिल्यांदा. टाकी हलेल की नाही कोण जाणे, पण ग्रामसेवकांनी त्यांना खुर्ची दिली म्हणे. "बसलो नाय," तात्या म्हणाले. "सवय नाय. पुढच्या वेळी बसतो."

गेल्या शनिवारी गावात तिसरी सभा होती. मनुरेवातली मीटिंग पापा सेफा गेल्यापासून झालेली नाही, तरी मी सकाळी गॅराज झाडलं. चटया झटकून भिंतीलगत अंथरल्या. दाराजवळच्या त्यांच्या वाशावर, पाठ टेकून टेकून, लाकूड गुळगुळीत आणि काळपट झालं आहे. त्यावर हात ठेवला की अजून ते तिथे बसल्यासारखे वाटतात. समोरचा मोकळा खांब मात्र खडबडीत, नव्यासारखा. त्याला इतक्या वर्षांत कोणी टेकलेलंच नाही, ओले कपडे घेऊन आलेला मी सोडून. मालिया दाराशी खुर्ची घेऊन बसल्या होत्या, मांडीवर फिजोआचं भांडं, चमच्याने गर काढत. दुपार झाली. मग रस्त्यावर लागीची गाडी थांबली. ती ड्यूटीवरून तशीच आली होती, बसच्या गणवेशात, हातात फोन. आत येऊन ती उभीच राहिली.

"फेतूचा फोन होता," ती म्हणाली. "सभा संपली."

मालियांनी चमचा खाली ठेवला. "काय म्हणाले?"

"कालपासून बोलत होते. जेवले, पुन्हा बोलले. फेतूने आजोबांचं सगळं सांगितलं. मग त्याने शेवटचं विचारलं, लागीबद्दल कोणाला अजून काही बोलायचंय का..."

"मग?"

लागी त्या खडबडीत खांबाकडे बघत होती.

"कोणीच काही बोललं नाही, मम्मा."